गॅझेटचं पान छापताना ते कोणी आणि कशासाठी लिहिलं तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठा समाजातल्या लोकांना हैदराबाद गॅझेटच्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याबाबतचा २ सप्टेंबर २०२५ चा तो शासन निर्णय निघाला तेव्हापासून हैदराबाद गॅझेट, सातारा गॅझेट, बॉम्बे गॅझेटियर (म्हणजे त्या काळच्या सरकारने भागाभागाची माहिती जमवून छापलेली पुस्तकं) हे शब्द पेपरात सारखे येतायत, चॅनलवाले जुन्या पानांवर लाल गोल करून दाखवतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लोक आपापल्या जातीची ओळ कापून एकमेकांना पाठवतायत. आरक्षण कुणाला मिळावं कुणाला नाही यावर मला या पत्रात काहीच म्हणायचं नाही, त्यासाठी आयोग आहेत, कोर्ट आहे. कागद शोधणाऱ्यांनाही माझा दोष नाही, कारण साध्या माणसाकडे शंभर वर्षांपूर्वीचा दुसरा कागद असणार तरी कुठून. पण ही पानं छापताना ती कोणी लिहिली, कशासाठी लिहिली, लिहिणाऱ्याच्या मनात आपल्याबद्दल काय होतं हे कुणी एका ओळीतही सांगत नाही, आणि ते फार चुकतंय असं मला वाटतं. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, मुलं येऊन विचारतात मॅडम गॅझेटमध्ये आमच्याबद्दल काय लिहिलंय, आणि जे लिहिलंय तेच अंतिम खरं असं धरून चालतात. म्हणून हे लांबलचक पत्र, जमलं तर पूर्ण छापा.

आधी आपल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचंच बघू. जेम्स कॅम्पबेल नावाचे आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या सनदी सेवेतले, अधिकारी त्याचे संपादक, सातारा आणि पुणे जिल्ह्यांचे खंड १८८५ चे. त्यातलं लोकसंख्येचं प्रकरण उघडलंत तर एक ठरलेला साचा दिसतो, जातीचं नाव, माणसं दिसायला कशी, घरात बोलतात काय, घर कसलं, खातात काय, नेसतात काय, स्वभाव कसा, मग लग्नाचे आणि मर्तिकाचे विधी, आणि शेवटी सध्या बरं चाललंय की वाईट. स्वभावासाठी एक-दोन वाक्यं पुरतात! अमुक जात कष्टाळू, तमुक अस्वच्छ, तिसरी काटकसरी, चौथी भांडखोर, म्हणजे हजारो लाखो माणसांचा स्वभाव एका वाक्यात उरकला. १८५७ नंतर सरकारला धडकी भरली होती की ज्यांच्यावर राज्य करायचं ती रयतच आपल्याला कळलेली नाही, त्यामुळे सारा कुणाकडून घ्यायचा, फौजेत कुणाला घ्यायचं, गावात लक्ष कुणावर ठेवायचं हे ठरवायला माहिती पाहिजे होती, आणि ती जातवार गोळा झाली. मानववंशशास्त्र, म्हणजे माणसांच्या समूहांचा आणि वंशांचा अभ्यास, हा विषय आपल्याकडे विद्यापीठात नंतर आला, आधी तो कलेक्टर कचेरीत, जनगणनेच्या ऑफिसात आणि पोलीस खात्यात वाढला. हा क्रम लक्षात घेतला नाही तर पुढचं काहीच नीट कळत नाही.

या सगळ्यात एक नाव मराठी वाचकाला माहीत असायलाच हवं, हर्बर्ट रिस्ले. १८७३ मध्ये हा माणूस आयसीएस होऊन बंगालात आला, १८९१ मध्ये बंगालच्या जातीजमातींवर त्याचे खंड निघाले, १९०१ च्या जनगणनेचा तो कमिशनर, नंतर हिंदुस्थान सरकारचा गृहसचिव, आणि शेवटी लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचा अध्यक्ष. म्हणजे सरकारी अधिकारी आणि शास्त्रज्ञ एकच. त्याचं म्हणणं असं की हिंदुस्थानात लोक जातीतच लग्नं करतात, त्यामुळे रक्त मिसळत नाही, त्यामुळे शरीराची मापं घेऊन वंश ओळखायला यापेक्षा चांगला देश नाही. आणि मापांत त्याचं सगळ्यात लाडकं माप होतं नाक.

हे माप कसं काढायचे ते सांगते, कारण ऐकून खरं वाटत नाही. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची गुणिले १००. समजा एखाद्याचं नाक ३६ मिलिमीटर रुंद आणि ४८ मिलिमीटर उंच, तर आकडा आला ७५. सत्तरच्या खाली म्हणजे नाक सरळ, ७० ते ८५ मध्यम, ८५ च्या वर म्हणजे बसकं. पितळी कॅलिपर, म्हणजे माप घ्यायचा चिमटा, लावून शेकडो माणसांची नाकं अशी मोजली, जातवार सरासरी काढली, आणि रिस्लेने लिहून टाकलं की जातीचा सामाजिक दर्जा हा तिच्या नाकाच्या सरासरी रुंदीच्या उलट्या प्रमाणात असतो, नाक जेवढं रुंद तेवढी जात खालची. आज वाचताना संताप येतो, पण त्या काळात हे विज्ञान म्हणून छापलं गेलं, शिकवलं गेलं, आणि इंपिरियल गॅझेटियरच्या १९०७ च्या पहिल्या खंडात वंश आणि जात यावरचं प्रकरण याच रिस्लेचं आहे.

आपण मराठी माणसं त्याच्या तक्त्यात कुठे होतो? त्याने हिंदुस्थानी माणसांचे सात प्रकार पाडले आणि मराठी ब्राह्मण, कुणबी आणि कर्नाटकातल्या कूर्गचे लोक यांना एका खान्यात टाकलं, शक आणि द्रविड यांचं मिश्रण म्हणून. त्याच्या पुढे १९०८ च्या पुस्तकात तो काय म्हणतो बघा, मराठ्यांच्या लांबवरच्या स्वाऱ्या, त्यांचा गनिमी कावा, मित्र असो की शत्रू त्याच्याशी बेइमानीने वागणं, कारस्थानात तरबेज असणं, आणि त्यामुळेच टिकाऊ राज्य उभारता न येणं, हे सगळं शक पूर्वजांकडून रक्तातून आलेलं असू शकतं. म्हणजे १८१८ मध्ये पेशवाई इंग्रजांनी बुडवली त्यात तोफा, तह, तैनाती फौज, सावकारी यांचा काही संबंधच नाही, आमच्या रक्तातच खोट होती! जिंकणाऱ्याने लिहिलेलं हे कारण आहे आणि ते नाकाच्या मापांच्या पुस्तकात शास्त्र म्हणून बसवलंय. गॅझेटची पानं अभिमानाने फॉरवर्ड करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी हे पानही एकदा वाचावं.

१९०१ च्या जनगणनेत रिस्लेने आणखी एक गोष्ट केली, जातींची नुसती मोजणी न करता समाजात कोण वर कोण खाली अशी उतरंड लावायला सांगितली. झालं, प्रत्येक जातीला कळलं की सरकारदरबारी आपली जागा लिहिली जाणार आहे, जातीजातींच्या सभा भरायला लागल्या, आम्ही क्षत्रिय, आम्ही वैश्य म्हणून अर्ज सुटले. १९११ ला एकट्या बंगालमध्ये आलेल्या अर्जांचं वजन दीड मण भरलं असं तिथल्या जनगणनेच्या रिपोर्टातच नोंदवलंय. जात इंग्रजांनी आणली असं मी अजिबात म्हणत नाहीये, ते म्हणणं खोटं आहे आणि ज्यांनी पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेर दिवस काढले त्यांचा अपमान करणारं आहे. पण गावागावात वेगळी असणारी, कुठे भांडून बदलणारी, कुठे हळूहळू सरकणारी गोष्ट सरकारने एका छापील यादीत पक्की केली आणि वर विज्ञानाचा शिक्का मारला, हे मात्र झालं.

आणि हाच रिस्ले बंगालच्या फाळणीत होता. डिसेंबर १९०४ मधलं त्याचं टिपण प्रसिद्ध आहे, एकसंध बंगाल ही ताकद आहे, तुकडे झालेला बंगाल वेगवेगळ्या दिशांना ओढला जाईल. पुढच्याच वर्षी फाळणी झाली. दिवसा जाती मोजणारा आणि रात्री प्रांत तोडणारा असे दोन वेगळे रिस्ले नव्हते, माणसं कुठे चिरली की वेगळी होतात हे शोधणं त्याच्या शास्त्राचं काम होतं आणि तेच त्याच्या नोकरीचंही.

कुणी म्हणेल की हा एकच माणूस वाईट होता, शास्त्राचा काय दोष. तर जे. एच. हटन घ्या. नागा हिल्सचे डेप्युटी कमिशनर, १९३१ च्या जनगणनेचे कमिशनर, आणि तिथून थेट केंब्रिजला मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. हटन अभ्यासू होते, नागा लोकांबद्दल त्यांना आस्था होती हेही खरं, पण ज्या डोंगरातल्या वस्तू आणि माहिती त्यांनी जमवली तिथे ते साहेब होते आणि समोरचा माणूस नाही म्हणू शकत नव्हता. नागांच्या हजारो वस्तू आजही ऑक्सफर्डच्या म्युझियममध्ये आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात नागा माणसाची शिंगं लावलेली कवटी विकायला काढली होती, नागालँडच्या मुख्यमंत्र्यांनी आणि तिथल्या संघटनांनी विरोध केला तेव्हा ती मागे घेतली. आपल्याकडे ही बातमी कोपऱ्यात आली आणि गेली.

आता त्या गोष्टीकडे येते जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे, कारण ती आपली आहे आणि आपणच ती शिकवत नाही. या मापांना पहिलं खणखणीत उत्तर देणाऱ्यांत आपली माणसं होती. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी साफ सांगितलं की युरोपियन अभ्यासकांनी जातीच्या प्रश्नात रंगाला नको तेवढं महत्त्व दिलंय, कारण त्यांच्याच मनात रंगाचा पूर्वग्रह मुरलेला आहे. विचार करा, रिस्ले जाऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि ज्या समाजाची नाकं खालच्या टोकाला मांडली गेली त्या समाजातला मुलगा अभ्यासकांनाच आरसा दाखवत होता.

मग समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये. केंब्रिजला शिकून मुंबई विद्यापीठात आलेले, १९३२ च्या पुस्तकात त्यांनी रिस्लेचेच आकडे परत तपासले आणि दाखवलं की उत्तर हिंदुस्थानचा काही भाग सोडला तर नाकाचा आणि जातीच्या दर्जाचा मेळच बसत नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात हीच मांडणी घेतली, आणि मुंबई प्रांतापुरतं त्यात काय निघतं ते बघा, देशस्थ ब्राह्मणाचं माप चित्पावन ब्राह्मणापेक्षा मासेमारी करणाऱ्या सोनकोळ्याच्या जास्त जवळ, त्याच्यानंतर महार आणि कुणबी एकत्र, आणि शेणवी, नागर ब्राह्मण, वरच्या दर्जाचा मराठा हे त्याच्याही पुढे. इतकी वर्षं आपण ज्यावरून एकमेकांच्या विहिरीला शिवू दिलं नाही ते सगळं साहेबाच्याच कॅलिपरने मोजलं तर कोसळतं. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे हा दावा बाबासाहेबांनी साहेबांच्याच आकड्यांनी खोडून काढला, मोजमाप हे शास्त्र मानायचं असेल तर हा घ्या त्याचा निकाल, अशा पद्धतीने. माझ्या वर्गात हे सांगितलं की मुलं एकदम शांत होतात आणि मग प्रश्नावर प्रश्न येतात, पण पाठ्यपुस्तकात याला जागा नाही.

आणि इरावतीबाई कर्वे. त्यांना आपण महाभारतावरच्या लेखनासाठी ओळखतो, पण १९२० च्या दशकाच्या शेवटी ही बाई बर्लिनला ऑयगेन फिशरच्या संस्थेत शिकत होती. फिशर कोण, तर १९०८ मध्ये जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून नाव कमावलेला आणि पुढे हिटलरच्या राजवटीत बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झालेला माणूस. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजेने तिथल्या हेरेरो आणि नामा लोकांचं शिरकाण केलं आणि मेलेल्यांच्या कवट्या अभ्यासासाठी म्हणून बर्लिनला पाठवल्या. त्यातल्या वीस कवट्या २०११ मध्ये परत केल्या गेल्या, शंभर वर्षांनी! अशा शहरात, अशा गुरूच्या हाताखाली इरावतीबाईंना कवट्यांची डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची मापं घेऊन वंशावंशांत फरक आहे का ते बघायचं काम मिळालं. त्यांनी मापं घेतली आणि लिहिलं की वंशाचा इथे संबंध दिसत नाही. फिशरला हवं होतं त्याच्या उलट. परक्या देशात, डिग्री त्याच्या हातात असताना. पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनी मोजमापं सोडली नाहीत, महाराष्ट्रातल्या जातींची मापं त्यांनीही घेतली आणि त्यावर आज टीका होते, ती व्हायलाच हवी. पण बर्लिनमधला तो प्रबंध विसरता येत नाही.

मी सोलापुरात राहते, म्हणून शेवटचा मुद्दा इथला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला, आधी उत्तरेत, १९११ नंतर आपल्याकडेही. सरकारने अख्खी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, मग त्यातल्या प्रत्येकाची नोंद, बोटांचे ठसे, हजेरी, हद्दीबाहेर जायचं तर पास, आणि वाटलं तर सगळ्यांना तारेच्या कुंपणात. कुणी काही केलंय का हा प्रश्नच नाही, जन्म पुरेसा. सोलापूरला मोठी सेटलमेंट, म्हणजे अशा जमातींची कुंपणातली वसाहत, होती, तिथली माणसं गिरण्यांत कामाला जायची आणि हजेरीला कुंपणात परत यायची. मुंबई इलाख्याच्या पोलिसांसाठी १९०८ मध्ये केनेडी नावाच्या अधिकाऱ्याने गुन्हेगार वर्गांवर पुस्तक काढलं. त्यात जमातवार दिलंय, दिसतात कसे, पेहराव काय, बोली कुठली, आपसातले खुणेचे शब्द कुठले, चोरी कशी करतात, माल कुठे खपवतात. आता वर मी गॅझेटियरचा जो साचा सांगितला तो याच्या शेजारी ठेवा. तोच फॉर्म आहे, फक्त जिथे लग्नविधी होते तिथे घरफोडीची पद्धत आली. लमाण, कैकाडी, वडार, रामोशी, पारधी, भामटे, ही माणसं पोलिसाच्या वहीत गेली ती याच वाटेने.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, त्यातून सुटलेल्या जमाती म्हणजे विमुक्त, म्हणून त्या तारखेला विमुक्त दिन पाळतात. सोलापुरात सेटलमेंट फ्री कॉलनी अजून आहे, पत्ता म्हणून लोक तेच सांगतात. पण कायदा गेला तरी सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीवर जाते हे इथल्या कुणालाही विचारा. माझ्या वर्गातली मुलं सांगतात की वडिलांना रात्री उचलून नेलं, सकाळी सोडलं, का ते शेवटपर्यंत कळलं नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तुरुंगांच्या मॅन्युअलमधले जातीवर आधारित नियम घटनाबाह्य ठरवले, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, आणि विमुक्तांना जन्मावरून सराईत धरणाऱ्या नियमांवरही कोर्टाने बोट ठेवलं. इंग्रज जाऊन ७७ वर्षं झाल्यावर हे कोर्टाला सांगावं लागलं, याची लाज आपल्याला वाटायला हवी.

तर या जुन्या नोंदी फेकून द्या असं माझं म्हणणं आहे का? नाही. मंडल आयोगाला आधार १९३१ च्या आकड्यांचाच घ्यावा लागला, कारण त्यानंतर तोवर सगळ्या जातींचे आकडे प्रसिद्धच झाले नव्हते. सत्तेने आपल्या सोयीसाठी गोळा केलेली माहिती दबलेल्यांच्या कामी येऊ शकते, बाबासाहेबांनी ते करून दाखवलं, जोतिरावांनीही आर्य बाहेरून आले ही साहेबांची मांडणी घेऊन ती शूद्रातिशूद्रांच्या बाजूने फिरवली होती. पण ते दोघंही कागद वाचताना कागद लिहिणारा कोण हे कधी विसरले नाहीत. आज आपण तेवढं विसरलोय आणि नुसता कागद डोक्यावर घेऊन नाचतोय.

आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जनगणना होणार आहे आणि त्यात जात मोजली जाणार आहे. विमुक्त आणि भटक्यांची स्वतंत्र नोंद व्हावी ही त्यांच्या संघटनांची मागणी जुनी आहे, तिला आपल्या पेपरने पाठिंबा द्यावा. यावेळी नाव काय लिहायचं हे त्या माणसांनी सांगावं, यादीतून कुणी त्यांच्यावर चिकटवू नये.

आणि आपल्याकडून माझ्या दोन अपेक्षा आहेत. एक, गॅझेटियरचं किंवा जुन्या जनगणनेचं कात्रण छापाल तेव्हा खाली दोन ओळी द्या, लेखक कोण, त्याचा हुद्दा काय, साल कुठलं, आणि ते कुठल्या सरकारी कामासाठी लिहिलं गेलं. फार जागा लागत नाही. दुसरी, जनगणना सुरू व्हायच्या आधी रविवारच्या पुरवणीत या विषयावर लेखमाला घ्या, आंबेडकर, घुर्ये, इरावतीबाईंवर एकेक लेख असू द्या, आणि सेटलमेंटवरचा लेख मात्र प्राध्यापकांकडून लिहून घेऊ नका, माझ्याकडूनही नको. सेटलमेंट फ्री कॉलनीत कुंपणाच्या आठवणी आईबापांकडून ऐकलेली म्हातारी माणसं आहेत, शिकलेली नातवंडं आहेत, त्यांच्याकडे वार्ताहर पाठवा, त्यांना त्यांच्या नावाने लिहू द्या आणि मानधनही द्या.

आपली,
एक वाचक, सोलापूर